माझ्या प्लगमधली हिरवी तार

मित्रांनो, मी एक जुना, हाताने बनवलेला व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आहे. एकोणीस वर्षांत हजारो सूर माझ्यातून गेले. पण एका संध्याकाळी माझ्यातून जे गेलं, त्यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

मला दादांनी घडवलं. रेडिओ दुरुस्तीत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांची बहीण स्टील गिटार वाजवते. पन्नाशी उलटली तरी घरात ती धाकटीच! गिटार मांडीवर आडवी ठेवून ती तारांवरून पोलादी कांडी सरकवते आणि सूर लांबत जातो. बाजारातले ॲम्प्लिफायर असा सूर शेवटी चिरकवून टाकत. म्हणून दादांनी माझा आराखडा सात वेळा काढला नि सहा वेळा फाडला. ट्रान्सफॉर्मर स्वतः गुंडाळला, जोडाजोडीचा एकेक डाग भिंगातून पाहिला. शेवटी अर्थिंगची हिरवी तार माझ्या पत्र्याच्या सांगाड्याला जोडत ते शेजारी बसलेल्या धाकटीला म्हणाले, "ही आवाजासाठी नाही गं, तुझ्या जिवासाठी आहे."

हे शब्द त्यांचेच होते, मित्रांनो.

घरी मी स्वच्छ गायचो. पण पहिल्याच कार्यक्रमात मला सभागृहाच्या यंत्रणेला जोडलं आणि माझ्या गळ्यातून बारीक घूंऽ येऊ लागली. दुसऱ्या कोणाच्या ती लक्षातही आली नसती. धाकटीचा कान मात्र फार तिखट.

"दादा, कानात माशी शिरल्यासारखं होतंय. मी नाही वाजवणार."

पडदा उघडायला दहा मिनिटं होती. दादांनी माझा प्लग उघडून हिरवी तार सोडवली. घूं थांबली.

"आजच्यापुरतं हं," ते म्हणाले.

त्या दिवशी टाळ्या थांबेनात. लोक मला बघायला मंचावर आले आणि मी फुशारून गेलो. तार प्लगमध्ये दुमडून पडली ती पडलीच. 'आजच्यापुरतं' दोन वर्षं चाललं.

दरम्यान माझ्या पोटातल्या एका वायरचं आवरण उष्णतेने तडकलं आणि ती सांगाड्याला टेकली. हिरवी तार जागेवर असती तर फ्यूज उडाला असता आणि दादांनी मला चार शिव्या हासडल्या असत्या. तेवढ्यावर भागलं असतं.

त्या संध्याकाळी धाकटीचा डावा हात कांडीसकट गिटारच्या तारांवर होता. बोलण्यासाठी तिने उजव्या हाताने माईक जवळ ओढला. माझ्या सांगाड्यातली वीज केबलमधून गिटारच्या तारांत आणि तिथून तिच्या अंगातून अर्थ केलेल्या माईककडे धावली. तिची मूठ आवळली ती सुटेचना. ओरडताही येईना. आणि लोक? लोकांना वाटलं, बाई रंगात आल्या! कोणीतरी वाहवासुद्धा म्हणालं! माझ्या चारही रबरी पायांखालची जमीन सरकली. तिच्यासाठी जन्माला आलेला मी, मीच तिला धरून बसलो होतो. आणि मला माझं बटण बंद करता येत नव्हतं.

"कोणी हात लावू नका तिला!" सभागृहाचा वायरमन धावला आणि त्याने मेन स्विच पाडला.

धाकटी वाचली. डाव्या तळव्यावर भाजल्याचा व्रण राहिला, करंगळी आजही सरळ होत नाही. दवाखान्यातून आल्यावर दादा माझ्यासमोर बसून एकच म्हणत राहिले, "मला माहीत होतं. दुसऱ्याला माहीत नसतं, पण मला माहीत होतं."

आठ महिने मी चादरीखाली होतो. मग एक दिवस धाकटीनेच चादर ओढली. दादांनी खराब वायर बदलली, हिरवी तार आवळली, मीटर लावून तीनदा तपासली.

"घूं घालवायचा नीट उपाय आहे, मधे एक छोटा ट्रान्सफॉर्मर टाकतो," ते म्हणाले.

"राहू दे रे. घूं आली म्हणजे हिरवी तार जागेवर आहे. तू मीटरने बघ, मी कानाने बघते."

आता सभागृहात मला सुरू केलं, की ती हात पाठीमागे घेते, मान तिरकी करून आधी माझी घूं ऐकते आणि मगच कांडी उचलते.

मित्रांनो, यंत्रावर माया जरूर करा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. 'आजच्यापुरतं' म्हणून त्याची एकही तार सोडू नका. आम्हाला माणूस कळत नाही हो. ज्या हातांसाठी मला घडवलं, ते हात त्या दिवशी मला ओळखता आले नाहीत.