तपासणीचं पाणी

रंगनाथ गुरुजी निवृत्त झाले, पण त्यांच्यातला हेडमास्तर काही निवृत्त झाला नाही. गावाच्या चढावर वसलेल्या कॉलनीचे ते आपोआप पुढारी झाले, कारण अर्ज लिहायचा बाकीच्यांना कंटाळा यायचा आणि गुरुजींना चेव यायचा. सध्या त्यांना एकच ध्यास होता: कॉलनीसाठी वेगळी उंच टाकी. आठवड्यातून एकदा नळ सुटायचा, आणि लाइनीच्या पार शेंड्याला असलेल्या त्यांच्या घरी नळातून नुसता वारा यायचा. त्यांची बायको सुलाबाई गुडघे धरत उताराखालच्या हापशावरून घागरी आणायची. गुरुजी ओट्यावर बसून टाकीचे अर्ज लिहायचे. कामाची वाटणी अशी न्याय्य होती.

वारा का यायचा, हे कॉलनीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. नळ सुटला की घरोघरी मोटारी थेट लाइनीला जोडल्या जायच्या. पंखे मंदावले की समजायचं, पाणी आलं. ज्याचं घर खाली आणि मोटार दांडगी, तो पाणी ओढून घ्यायचा. घर भरून पाणी गटारीला लागलं तरी मोटार बंद करायचा नाही. बंद केली असती तर ते शेजाऱ्याला मिळालं असतं ना! गुरुजींनीही एक मोटार घेतली होती. ती बिचारी इमानेइतबारे वारा ओढायची.

शेवटी अर्जांना यश आलं आणि नांदेडहून पाणीपुरवठ्याच्या इंजिनियर अर्पिता मॅडम आल्या. गावातल्या सगळ्या पाइपांचा नकाशा त्यांनी लॅपटॉपवर तयार केला होता. नळ सुटेल त्या दिवशी घरोघरच्या नळाला दाबाचं मीटर लावायचं, शेंड्याला दाब कमी भरला तर टाकीची शिफारस करायची, असं त्यांनी सरळ सांगितलं. "नेहमी जसं चालतं तसंच चालू द्या," असंही बजावलं.

गुरुजी गालातल्या गालात हसले. उभ्या नोकरीत त्यांनी तपासण्याच झेलल्या होत्या. साहेब म्हणतात 'जसं आहे तसं दाखवा', म्हणून कुणी दाखवतं का? भिंतींना चुना, कच्च्या पोरांना सुट्टी आणि पहिल्या बाकावर शेजारच्या शाळेतून उसनी आणलेली हुशार पोरं, अशी त्यांची तयारी असायची. शेरा कायम उत्तम.

संध्याकाळी त्यांनी कॉलनीची बैठक बोलावली.

"एकबी मोटार दिसली न्हाई पायजे. बेकायदा हाय ती. मॅडमच्या नजरंला पडली तर टाकी गेलीच मना."

"आन् पानी चढलं तर?" खालच्या अंगाला राहणाऱ्या नागेशनं शंका काढली.

"काय चढतंय! मोटार लावून वारा येतो, बिनमोटारीचं काय येनार हाय?"

हा हिशेब सगळ्यांना पटला. मोटारी निघाल्या. कुणाची पलंगाखाली गेली, कुणाची ज्वारीच्या कोठीत. आश्रुबानं तर आपली गोधडीत गुंडाळून पाळण्यात निजवली आणि बायकोला दोरी धरून बसवलं.

नळ सुटला. मॅडम मीटर घेऊन एकेक घर करत वर आल्या. गुरुजींच्या अंगणात सुलाबाईनं तोटी उघडली, आणि पाण्याची धार थेट समोरच्या भिंतीवर जाऊन आदळली.

सुलाबाई हरखून गेली. हंडे आणले, पातेली आणली, परात आणली, कुकरसुद्धा सोडला नाही. "आवं, बगा की! कसलं जोरात यायलंय!"

"बंद कर ती तोटी!" गुरुजी दबक्या आवाजात ओरडले. इतक्या वर्षांनी नळाला पाणी आलं होतं आणि त्यांच्या तोंडचं पळालं होतं.

मॅडमनी मीटर पाहिलं. "उत्तम दाब आहे, गुरुजी."

शेरा उत्तम मिळाला आणि टाकी नामंजूर झाली. शेंड्यापर्यंत पाणी पोहोचतं म्हटल्यावर उन्हाळ्यातला टँकरही बंद. कॉलनी गुरुजींना पुढं घालून कचेरीत धडकली. सुलाबाईही गेली.

"मॅडम, त्या दिवशीचं पानी खरं नव्हतं," गुरुजी म्हणाले.

"पाणी खरंच होतं. मोटारी काढल्या होत्या ना?" मॅडमनी विचारलं. "अहो, मग तेवढंच कायम करा. टाकी कशाला हवी? कुणाकुणाकडे मोटार आहे ते सांगा, मी सगळ्या काढून घ्यायला लावते. प्रत्येक वेळी असंच पाणी चढेल."

कॉलनी एकजात छताकडं बघू लागली.

"आमच्याकडं हाय," सुलाबाई म्हणाली. "लिवा."

"तरीच!" नागेश उसळला. "पानी कुटं जायलंय मनून आमी इचार करायलाव!" सगळ्यांनी माना डोलावल्या. आश्रुबानं तर कपाळावर हात मारून घेतला.

गुरुजींचा संताप मस्तकात गेला. नागेशची मोटार त्यांनीच पूर्णेहून आणून दिली होती. घर न् घर त्यांना पाठ होतं. पण नावं घेतली की शेजार तुटणार, पुढारीपण जाणार, आणि मुख्य म्हणजे टाकीची गरजच संपणार.

"बाकी कुनाकडं?" सुलाबाईनं नवऱ्याकडं बघत विचारलं. "सांगा की."

"बाकी कुनाकडं न्हाई," गुरुजी म्हणाले.

त्यांची एकट्याची मोटार जप्त झाली. पुढच्या खेपेला नळ सुटला आणि सगळ्या कॉलनीत मोटारी घुरघुरल्या. गुरुजी ओट्यावर बसून टाकीचा नवा अर्ज लिहीत होते. सुलाबाईनं त्यांच्या हातातला पेन काढून घेतला आणि घागर पुढं ठेवली.

"लोकायची लाज राखली, लय चांगलं केलं. माज्या गुडघ्याची न्हाई आली दया. आता तुमी जावा."

तिचे डोळे भरले होते. गुरुजी निमूट उठले.

भरली घागर खांद्यावर घेऊन ते अर्धा चढ चढले, तेव्हा आश्रुबा दारात आंघोळ करत होता. त्यानं डोक्यावर तांब्या ओतला आणि आदरानं हाक दिली, "गुरुजी, टाकीचं तेवढं रेटा बगा. सगळं तुमच्यावरच हाय."

गुरुजींनी घागर दुसऱ्या खांद्यावर घेतली. त्यांना दम लागला होता.