दहा मापं मैदा

साहेब, पीठ खाल्लं तुमच्या परिपत्रकाने आणि चोर ठरवलंत रुग्णालयाच्या स्वयंपाकीणबाईला.

सगळे तिला मावशी म्हणतात. अठरा वर्षं तिने त्या स्वयंपाकघरात रोज दहा किलो मैद्याचे पाव भाजले. कोठीतला काटा बिघडला. तो दुरुस्तीला पाठवायचा सोडून साहेबांनी कागद काढला: नवा काटा येईपर्यंत सगळे जिन्नस लिटरच्या मापाने द्यावेत, एक लिटर म्हणजे एक किलो धरावा. पाण्याचा हिशेब उचलला आणि पिठाला चिकटवला.

कोठीवाल्याने पहिल्याच दिवशी दहा मापं मैदा ओतला आणि वहीत लिहिलं, दहा किलो.

"भाऊ, परात निम्मी रिकामी आहे की हो."

"परात वाढली असेल, मावशी. तुमच्यासारखी."

"थट्टा पुरे. मैदा हलका. तो काय पाण्याइतका भरणार आहे?"

"ते साहेबांना सांगा. मी हुकमाचा ताबेदार. करा सही."

ती साहेबांकडे गेली. त्यांनी मानही वर केली नाही. "लिटर म्हणजे किलो. शाळेत गेला होतात ना?"

चौथीपर्यंत गेली होती. परत येऊन सही केली, आणि तिथेच फसली. वॉर्डात कुणी उपाशी राहू नये म्हणून तिने गोळे लहान केले. एकोणीस दिवस असंच चाललं.

विसाव्या दिवशी रुग्णांची तक्रार गेली आणि साहेबांना एकदम गरिबांचा कळवळा आला. "वहीत दहा किलो, पाव निम्म्याचे. बाकीचं पीठ कुठे मुरवलंत?"

"मीठ जड, त्याच मापाने ते जास्त येतंय, साहेब. डबा भरून उरलंय. ते काय मी माहेराहून आणलं?"

मावशी तडक बाळंतिणींच्या वॉर्डात गेली, मापभर मैदा घेऊन. तिथे तान्ह्या बाळांचा काटा असतो. सिस्टरने कागद अंथरला, काटा शून्यावर आणला, मैदा ओतला. साडेपाचशे ग्रॅम. सिस्टरने आकडा लिहून खाली सही दिली. बाईमाणसाची छाती बघा.

साहेबांनी तो कागद बाजूला सारला. "हा काटा बाळांचा आहे. पिठासाठी मंजूर नाही."

"म्हणजे बाळांचा किलो वेगळा असतो का?"

दारातला शिपाई खोकला. हसू लपवायला खोकला.

साहेबांनी दुसरा कागद पुढे केला. पीठ घरी नेलं असं लिहून द्या, धुणीघरात बदली करतो. नाहीतर उद्यापासून येऊ नका.

घरी नवरा म्हणाला, "कर की सही. पाव भाजले काय, चादरी धुतल्या काय, पगार तोच."

"आणि सुनेच्या माहेरी काय सांगू? सासूबाई पीठचोर आहेत?"

दुसऱ्या दिवशी तिने कागद परत दिला. सहीच्या जागी लिहिलं होतं: "माझ्यासमोर दहा मापं मैदा धड काट्यावर तोला. दहा किलो भरला तर सही करते."

अकरा दिवस झाले. तिला फाटकातून आत सोडत नाहीत. काटा अजून आलेला नाही, मापं चालूच आहेत, आणि आता नव्या बाईचेही पाव लहानच निघतात. तीही चोर का?

साहेब, बोला. त्या मापात मैदा किती भरतो? लेखी द्या, सहीनिशी.