सगळ्या भागांनंतरची गोष्ट

मित्रांनो, माझ्या पाठीवरची अक्षरे हाताळून हाताळून केव्हाच पुसली गेली, तेव्हा माझी ओळख मलाच करून द्यावी लागणार. मी एक जुना कथासंग्रह आहे. 'दीपजहाज' नावाच्या एका टीव्ही मालिकेवरच्या गोष्टी माझ्या पोटात आहेत. अंतराळातल्या अंधारात दिवा लावून उभे राहिलेले एक जहाज आणि त्याच्या उजेडाने वाट काढणारी माणसे, अशी ती मालिका. दर शनिवारी संध्याकाळी ती लागायची आणि ग्रिम्सबी या इंग्लंडमधल्या बंदरगावातली मुले ताटातले बीन्स गार करून ती बघत बसायची.

मग एका वर्षी ती बंद पडली. शेवटच्या भागात जहाजाची वाटाडी मॉर्वेन एका छोट्या होडीत बसून एकटीच आपल्या घराकडे निघाली. होडी काळोखात दिसेनाशी झाली, पडद्यावर नावे सरकली आणि पुढचा भाग आलाच नाही. लोक वाट बघत राहिले. बघता बघता त्यांची लग्ने झाली, केस गेले, पण मॉर्वेनचे काय झाले ते कुणी सांगेना. अशा उपाशी दिवसांत आम्ही कथासंग्रह जन्माला आलो. दुधाची तहान ताकावर, असे काही लोक आमच्याबद्दल म्हणायचे. म्हणू द्या. त्या ताकावर कितीतरी माणसे वर्षानुवर्षे तगली आहेत.

मला छापताना प्रकाशकाने एक चांगली गोष्ट केली. शेवटची जागा त्याने एखाद्या साध्या प्रेक्षकासाठी मोकळी ठेवली आणि लोकांकडून गोष्टी मागवल्या. ती जागा मिळाली एव्हिस पिकर्सगिलला. एव्हिस दाताच्या डॉक्टरकडे समोरच्या टेबलावर बसायची. आतून दात कोरायचा आवाज येत असताना, दोन रुग्णांच्या मधे, तिने ती गोष्ट लिहिली होती. मॉर्वेन घरी पोचते, एवढीच गोष्ट.

मी लेखिकेसाठी पाठवलेली प्रत. पाकीट फोडून तिने मला आधी नाकाशी धरले. मग कोट चढवून ती मला घेऊन पावाच्या दुकानात गेली, तिथून मासेवाल्याकडे, आणि घ्यायचे काहीच नव्हते तरी दोन्हीकडे रांगेत उभी राहिली. त्या दिवसाइतके कौतुक मी पुन्हा कधी अनुभवले नाही.

पण मित्रांनो, तिला खरे कौतुक हवे होते ते एकाच माणसाकडून, तिचा थोरला भाऊ लेनर्ड याच्याकडून.

लेनर्डने उमेदीची वर्षे मालवाहू जहाजांच्या इंजिनखोलीत काढली. त्यांची आई आजारी पडली तेव्हा त्याचे जहाज जगाच्या दुसऱ्या टोकाला होते. तो घरी आला तेव्हा आईला पुरूनही झाले होते. आईच्या शेवटच्या दिवसाबद्दल त्याने बहिणीला कधी विचारले नाही. विचारायची त्याला भीती वाटायची. एव्हिसने सांगायला तोंड उघडले की तो 'दीपजहाजा'तला कुठला तरी मुद्दा काढायचा. शेवटी तिने सांगायचे सोडले आणि गोष्ट लिहिली.

आता 'दीपजहाज'वेड्या मंडळींची एक रीत सांगायला हवी. महिन्यातल्या पहिल्या रविवारी मालिकेचे चाहते पबच्या मागच्या खोलीत जमायचे. चिप्सवर व्हिनेगर पडायचे, कुणीतरी संग्रहातली एक गोष्ट मोठ्याने वाचायचे, आणि मग तिची 'जागा लावायची'. म्हणजे ही गोष्ट मालिकेतल्या कुठल्या भागानंतर आणि कुठल्या भागाआधी घडली ते ठरवायचे. ठरले की पानाच्या कडेला पिवळी चिठ्ठी डकवायची. जागा लागली की गोष्ट खरी. हे काम लेनर्डचे. त्याच्या कानामागे कायम पेन्सिल असे. प्रत्येक संग्रहाच्या तो दोन प्रती घ्यायचा, एक वाचायला आणि एक वेष्टनासकट जपून ठेवायला.

"कांद्याचं लोणचं आहे का ते, मुरत ठेवलंयस?" प्रू गारबट त्याला विचारायची. प्रू म्हणजे या मंडळींतली तोंडाळ बाई. ती धर्मादाय दुकान चालवायची, लोकांनी दिलेल्या जुन्या वस्तू विकायची.

"तुला नाही कळायचं ते, प्रू."

"नाहीच कळत बाबा. मी आपली पुस्तकं उघडते."

एव्हिसच्या गोष्टीची पाळी आली तेव्हा लेनर्डने मला मांडीवर घेतले आणि पेन्सिल चालवायला सुरुवात केली. होडीचा वेग, घरापर्यंतचे अंतर, इंधन. एव्हिस त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. मला तिची नजर कळत होती, कारण तिचेच शब्द माझ्यात होते.

"शेवटच्या भागानंतर लगेच," तो म्हणाला आणि चिठ्ठी डकवली. "छान बसली."

"आणि?" एव्हिसने विचारले.

"आणि काय? कुठेच फट नाही. एवढी चोख बसणारी गोष्ट क्वचित मिळते."

ती हसली आणि तिने त्याच्यासाठी आणखी एक बिअर मागवली. तो मनापासून बोलला होता, हेच तर दुःख होते.

माझी त्यानंतरची वर्षे कष्टाची आणि सुखाची गेली. मी हातोहात फिरलो. माझ्यावर चहाचा गोल उमटला, चिप्सचे तेल लागले, प्रूच्या मांजरीने माझा एक कोपरा चावला. एका ट्रकचालकाने मला स्कॉटलंडपर्यंत फिरवून आणले. शेवटची गोष्ट वाचून तो रस्त्याकडेला थांबला होता आणि त्याने आईला फोन केला होता. पुस्तकाने याहून जास्त काय मागावे?

आणि मग मालिका परत आली. खरोखरच परत आली, नवे जहाज, नवी माणसे, नवे संगीत. पहिला भाग बघायला सगळे एव्हिसच्या घरी जमले. तिने खिम्यावर बटाट्याचा थर देऊन ओव्हनमध्ये भाजला होता. भाग संपता संपता पडद्यावर एक पिटुकली होडी दिसली आणि तिच्यात मॉर्वेन. केस पांढरे झालेली, अजून भटकणारी. "इतकी वर्षं झाली, घर अजून सापडलं नाही," ती म्हणाली. खोलीतले सगळे आनंदाने ओरडले. एव्हिस ओरडली नाही.

पुढच्या बैठकीच्या रविवारी पबमध्ये लेनर्डने मला उघडले आणि ती पिवळी चिठ्ठी अलगद सोडवून काढली.

"वाईट वाटतं, पण इलाज नाही," तो म्हणाला. "ही गोष्ट आता घडलीच नाही."

"घडलीच नाही?" एव्हिस म्हणाली.

"पडद्यावर दिसलं ते खरं. ती लगेच घरी गेलेली नाही."

"लेन, ती घरी पोचते रे. मी लिहिलंय ना."

"तू लिहिलंस म्हणून होतं का? वेळेवर कुणी पोचत नसतं, एव्हिस. मला माहितेय ते."

एव्हिसने कोट घातला. जाताना तिने मला उचलले, घरी नेले आणि दुसऱ्याच दिवशी जुन्या पडद्यांबरोबर पिशवीत घालून प्रूच्या दुकानात देऊन टाकले. पबमध्ये येणे तिने बंद केले. भावाचा फोनही ती घेईना.

मित्रांनो, फाटल्याचे दुःख मला कधी झाले नाही. पण आपण घडलोच नाही, असे कुणी म्हटले की पुस्तकाने जायचे कुठे? एका बाजूला सुपांच्या पाककृतींचे पुस्तक, दुसऱ्या बाजूला तुकडे हरवलेले चित्रकोडे, अशा मधे मी पडून राहिलो. लोक मला उचलायचे, चहाचा डाग बघायचे आणि परत ठेवायचे. कुणी घ्यायला निघालेच, तर प्रू म्हणायची, "ते राखून ठेवलंय."

ज्याच्यासाठी राखले होते तो एका पावसाळी दुपारी पॅन्ट शोधायला आला. लेनर्ड अंगाने वाळला होता. मला बघून तो थबकला.

"ही तर एव्हिसची प्रत," तो म्हणाला. "तिनं विकायला दिली?"

"दिली. बस तिथं." प्रूने विकायला ठेवलेले एक स्टूल पुढे ढकलले. "आणि शेवटची गोष्ट वाच."

"वाचलीय मी. तोंडपाठ आहे."

"मोजलीयस तू. वाचली कुठं?" तिने हात लांबवून त्याच्या कानामागची पेन्सिल काढून घेतली. "आता वाच."

त्याचे हात पूर्वी मोजपट्टीसारखे फिरायचे. आता त्यांना काम नव्हते, म्हणून ते नुसते मला धरून राहिले. तो वाचत गेला. मॉर्वेन गल्लीत शिरते. तिची आई दोरीवरचे कपडे काढत असते, तोंडात चिमटे. ती ओरडत नाही, कुठे होतीस म्हणून विचारत नाही. चिमटे हातात घेते आणि म्हणते, "आलीस? हात धू. ताट झाकून ठेवलंय."

लेनर्ड त्या ओळीवर थांबला. फुटबॉल खेळून उशिरा आला तरी, गोदीतून दमून आला तरी, चिखलाने भरून आला तरी, त्याची आई हेच म्हणायची. ओव्हनमध्ये एक ताट असायचे आणि त्याच्यावर दुसरे पालथे. एवढी वर्षे ही ओळ त्याच्या डोळ्यांखालून जात होती आणि तो होडीचे इंधन मोजत होता. माझ्या पानावर एक थेंब पडला. बाहेर पाऊस होता, पण स्टूल आत होते.

"प्रू, किती द्यायचे याचे?"

"चालायला लाग आधी. मी तिला फोन करते."

एव्हिसने दार उघडले तेव्हा तो ओलाचिंब होता आणि मी त्याच्या कोटाच्या आत कोरडा होतो.

"आई चिडली होती का माझ्यावर?" त्याने विचारले. "शेवटी?"

"नाही रे वेड्या. त्या संध्याकाळीसुद्धा तिनं मला तुझं ताट झाकायला लावलं. मी म्हटलं, लेन समुद्रात आहे. ती म्हणाली, असू दे, उशिरा येईल, पण येईल."

लेनर्डने मला कोटाच्या आतून बाहेर काढले.

"आधी का नाही सांगितलंस?"

"तू ऐकत होतास कधी? म्हणून तर लिहिलं."

त्याने मला उघडले आणि पेन्सिलीसाठी कानामागे हात नेला. पेन्सिल नव्हती. "गोष्टीत साल नाहीये, एव्हिस. किती वर्षं गेली तेही नाही. लगेच घडली हे मीच ठरवलं. चूक माझी, गोष्टीची नाही."

"मग आता कुठं लावणार?"

"सगळ्यांच्या शेवटी. ते टीव्हीवाले कितीही भाग करू देत. त्यांची मॉर्वेन अजून पोचली नाही, इतकंच. ही गोष्ट त्या सगळ्यांनंतरची."

एव्हिसने डोळे पुसले आणि त्याच्या कोटाकडे बघितले. "भिजलायस केवढा. हात धू," ती म्हणाली. स्वयंपाकघरातून भाजलेल्या बटाट्यांचा वास येत होता. प्रूचा फोन वेळेवर पोचला होता.

मित्रांनो, पुस्तकाला कव्हर घाला, पाने दुमडू नका, हे सगळे तुम्हाला शाळेत सांगतात आणि ते बरोबरच आहे. मी एवढेच मागतो, की पुस्तक कुठे बसते ते नंतर बघा, आधी ते वाचा. तुमच्याच घरातले कुणीतरी त्यातून तुमच्याशी बोलत असेल.

मी आता एव्हिसच्या स्वयंपाकघरात, चहाच्या डब्याशेजारी राहतो. दर वर्षी टीव्हीवर नवे भाग येतात. ते संपले की लेनर्ड रविवारी जेवायला येतो, माझ्या शेवटच्या गोष्टीवरची जुनी चिठ्ठी काढतो आणि नवी डकवतो, एक वर्ष पुढची. मॉर्वेन अजून वाटेत आहे. तिचे ताट झाकलेले आहे.