एकोणीस जागा

मास्तरांनी खुर्ची स्वतःच उचलून फिरवली आणि यंत्राकडे, पडद्याकडे, रेकॉर्डिस्टकडे, सगळ्यांकडे पाठ करून बसले.

"लाव आता," ते म्हणाले. "पहिल्यापासून. जिथे ही वाजवतेय तिथे मी बोट वर करेन. ती जागा काढायची आणि माझं जे काही असेल ते घालायचं. बेसूर असलं तरी माझं."

'ही' म्हणजे त्यांची मुलगी. ती शेजारच्या स्टुलावर बसली होती, मांडीवर स्वरलिपीची वही, हातात लाल पेन्सिल. दोन्ही गोष्टी मास्तरांनीच तिच्या हातात कोंबल्या होत्या.

"खुणा तू करायच्या. स्वतःच्या हाताने खोडलं म्हणजे लक्षात राहतं."

लोकांच्या आवडीच्या आठ रचना, व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रासाठी. शहात्तराव्या वर्षी मास्तरांचं हे शेवटचं रेकॉर्डिंग. चार दिवस ऑर्केस्ट्रा मोठ्या दालनात वाजवत होता आणि मास्तर काचेच्या खोलीत एकटे, त्यांचा आवाज वेगळा राहावा म्हणून. मुलगी दालनातच होती, व्हायोलिनवाल्यांच्या चौथ्या रांगेत. बावीस वर्षं तिथेच. तिला पुढे बसवू का, असं ऑर्केस्ट्राच्या संचालकांनी दोनदा विचारलं होतं आणि दोन्ही वेळा मास्तर म्हणाले होते, "छे हो, अजून कच्ची आहे."

पण मास्तरांची करंगळी आता कुणाचंच ऐकत नव्हती. जलद जागांवर बोटं एकमेकांत अडकत. ऑर्केस्ट्रा पांगल्यावर रेकॉर्डिंग कंपनीने मुलीला बोलावलं, कानाला हेडफोन लावले आणि अकरा जागा तिच्याकडून भरून घेतल्या. या धंद्यात हे सर्रास चालतं. मात्र मास्तरांनी ऐकून सही केल्याशिवाय काही बाहेर जायचं नाही, अशी करारात अट होती आणि रेकॉर्डिस्ट पडला सरळ माणूस. त्याने सांगून टाकलं. मास्तर दोन दिवस धड जेवले नाहीत.

खरं सांगायचं तर मुलगी मनातून खूश होती. बेचाळीस वर्षांच्या आयुष्यात 'बरं वाजवलंस' हे दोन शब्द तिने बाबांच्या तोंडून ऐकले नव्हते. आज त्यांना तिचं वाजवणं ऐकावंच लागणार होतं. जागा काढल्या तर काढल्या. आधी त्यांना त्या ओळखाव्या तर लागतील.

रेकॉर्डिस्टने बटण दाबलं. पडद्यावर पट्ट्या सरकू लागल्या, निळ्या मास्तरांच्या, पिवळ्या तिच्या. आधी मास्तरांचा श्वास ऐकू आला. गज टेकवण्याआधी ते नाकाने जोरात श्वास ओढत, पहिल्यापासूनची सवय. पिवळी पट्टी आली. मुलीने पेन्सिल घट्ट धरली.

मास्तरांचं बोट हललं नाही. मान मात्र डोलली.

"हं. हे माझं," ते म्हणाले.

पुढे निळी पट्टी लागली. साधीच ओळ, पण वरचा सूर किंचित खाली बसला होता. मास्तरांचं बोट ताडकन वर गेलं.

"ही बघ आली. कर खूण."

रेकॉर्डिस्टने तोंड उघडलं. मुलीने त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली, नको म्हणून. मग वहीत लाल गोल केला. अजून सात रचना आहेत, पुढे ओळखतील, असं तिला वाटलं.

पुढे तर कहरच झाला. पिवळ्या पट्टीला मान डोलायची, निळ्या पट्टीला बोट वर जायचं.

"मनगट बघ, मनगट! नुसतं लाकूड. लहानपणापासून ओरडतोय."

लाल गोल.

"घाबरत घाबरत वाजवतेय. हिची आई अशीच. स्वतःच्या घराची बेल वाजवायची तरी चाचरायची."

लाल गोल. रेकॉर्डिस्ट पडद्याकडे बघायचं सोडून आपल्या बुटांकडे बघत होता.

सहाव्या रचनेत ती लांबलचक ओळ आली, खालून चढत चढत एका सुरावर येऊन थांबणारी. पिवळी पट्टी. त्या दिवशी हा सूर लागला तेव्हा मुलीच्या स्वतःच्याच अंगावर काटा आला होता. मास्तरांनी हाताने थांबव म्हणून खूण केली. खिशातून रुमाल काढला, डोळे पुसले, नाकही पुसलं.

"हा सूर," ते म्हणाले, "आयुष्यात मला दोनदा लागला. हा तिसऱ्यांदा."

"बाबा..." मुलगी म्हणाली. तिचा आवाज कापत होता. "बाबा, ते..."

"तू गप्प बस. तुला नाही कळायचं ते. वीस वर्षं घासलंस तरी हा सूर तुझ्या हाताला लागायचा नाही. वाईट वाटून घेऊ नकोस, पण काहींच्या हातात असतं आणि काहींच्या नसतं."

मुलीने वहीत पाहिलं. पेन्सिलीचं टोक कागदात रुतून मोडलं होतं. तिने पर्समधून दुसरी पेन्सिल काढली.

"पुढे लावा," ती रेकॉर्डिस्टला म्हणाली. आता तिचा आवाज कापत नव्हता.

आठवी रचना संपली. मास्तरांनी खुर्ची सरळ केली.

"किती झाल्या?"

"एकोणीस."

"एकोणीस? अकरा म्हणाला होतास ना रे?"

रेकॉर्डिस्ट खुर्चीतून अर्धवट उठला. "मास्तर, त्याचं असं आहे की..."

"एकोणीसच आहेत, बाबा," मुलगी म्हणाली. "तुम्हाला फार लागू नये म्हणून मीच यांना कमी सांगायला लावलं होतं."

मास्तर हसले. दोन दिवसांत पहिल्यांदा.

"मला फसवता होय? अरे, हाडामांसाची पोर आहे माझी. तिचा गज मी झोपेतसुद्धा ओळखेन." त्यांनी कागद पुढे ओढला आणि झोकात सही केली. "त्या एकोणीस काढा म्हणजे झालं. बाकी एक सूर हलवायचा नाही."

मुलीने त्यांना कोट घातला, मफलर नीट केला. दारात ते रेकॉर्डिस्टकडे वळले.

"पोर तशी वाईट नाही हो. चौथ्या रांगेत शोभते."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ती व्हायोलिन घेऊन एकटीच आली. रेकॉर्डिस्टने तिच्यापुढे चहा ठेवला आणि तिचीच वही उघडून धरली.

"ताई, काल बोलला का नाहीत?"

ती गजाला राळ लावत राहिली.

"या जागांना मास्तरांचं दुसरं काही नाही. जे आहे ते हेच, त्यांनी खोडलेलं."

"माहीत आहे. एकोणीसच्या एकोणीस मी भरते."

"मग मध्ये मध्ये त्यांच्या चार-दोन ओळी उरतील. दोन्हीकडे तुम्ही, मध्ये ते. उघडं पडेल."

"त्याही घेऊ."

रेकॉर्डिस्टने वर पाहिलं. भिंतीवर कव्हरचा नमुना चिकटवला होता: मास्तरांचा मोठा फोटो, खाली मोठ्या अक्षरांत मास्तरांचं नाव.

"ताई, मग यात मास्तरांचं काही राहतच नाही."

"त्यांनी सही केलीय ना?"

"केलीय."

"मग झालं तर."

ती काचेच्या खोलीत गेली, दार ओढून घेतलं, हेडफोन चढवले. त्यात रेकॉर्डिस्टचा आवाज आला.

"आणि ते श्वास? त्यांच्या पट्टीवर प्रत्येक ओळीआधी आहेत. पुसून टाकू?"

तिने व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं. काचेतून त्याच्याकडे पाहिलं.

"नको," ती म्हणाली. "श्वास तेवढे त्यांचे राहू देत."

ऑर्केस्ट्रा सुरू झाला. तिच्या कानात बाबांनी जोरात श्वास ओढला आणि तिने गज टेकवला.