मामाचे हात आणि भाऊजींची पोटरी

मामाच्या हाताला गुण आहे असं सगळी गल्ली म्हणायची, आणि खोटं कशाला बोला, मामालाही ते मनोमन पटलेलं होतं. ऐन उमेदीत तो एका फुटबॉल क्लबात खेळाडूंना मालिश करायचा. क्लब बंद पडल्यावर त्याने गल्लीच्या टोकाला एक खोली घेतली, तिथे लाकडी बाक टाकलं, आणि मान आखडलेले, कंबर धरलेले लोक त्याच्याकडे यायला लागले. वाकडे यायचे नि सरळ होऊन जायचे. भाचरं मामा म्हणायची म्हणून सगळेच त्याला मामा म्हणत.

त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा शाळेत खेळाचा शिक्षक होता. शिक्षक विरुद्ध विद्यार्थी असा सामना चालला होता. भाऊजी चेंडूमागे झेपावले आणि पोटरीवर कुणीतरी दगड भिरकावल्यासारखं त्यांना वाटलं. रागाने मागे वळून पाहिलं तर मागे कोणीच नव्हतं. पाय मात्र जमिनीला टेकवेना.

घरचाच मालिशवाला असताना डॉक्टर कशाला, असं सगळ्यांचं ठरलं. भाऊजी पलंगावर पडून राहिले आणि मामा रोज संध्याकाळी तेलाची बाटली घेऊन जाऊ लागला. सुरुवातीला बरं वाटलं. मग पोटरी फुगायला लागली. मामा म्हणाला, आत रक्त साकळलंय, चोळून मोकळं करावं लागेल. त्याने जोर वाढवला. भाऊजी दात आवळून सोसत राहिले, कारण मेहुण्याचं मन मोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. आठवड्याअखेरीस पाय खांबासारखा झाला, कातडी ताणून तुकतुकीत झाली.

त्या दिवशी मामा आला तेव्हा बहीण दारातच उभी होती.

"दादा, आज तेल राहू दे. आपण डॉक्टरीणबाईंकडे जाऊ."

मामाला ते लागलं. तरी तो बरोबर गेला. मालिश चालू ठेवा, असं बाईंच्या तोंडून ऐकायचं त्याच्या मनात होतं.

बाई त्यांच्या घरच्याच म्हणाव्यात अशा डॉक्टर. सर्दीपासून मधुमेहापर्यंत सगळ्यांचं सगळं त्यांना पाठ. त्यांनी पाय पाहिला, दोन्ही पोटऱ्यांना टेप लावून घेर मोजला आणि कपाटातून एक यंत्र काढलं. दाढी करायच्या मशीनएवढा दांडा, त्याची वायर एका छोट्या पडद्याला जोडलेली. स्नायू आणि सांधे बघायला त्या अलीकडेच ते चालवायला शिकल्या होत्या. मामा म्हणाला, सोनोग्राफी तर पोटुशीची करतात. भाऊजी एवढ्या दुखण्यातही हसले.

बाईंनी पोटरीला थंडगार जेल लावून दांडा फिरवला. पडद्यावर करड्या रेघा उमटल्या, पिसाच्या असतात तशा एकीशेजारी एक. एका जागी त्या तुटल्या होत्या आणि मध्ये काळं डबकं होतं. स्नायू फाटलाय, मध्ये रक्त साकळलंय, बाई म्हणाल्या. मामा नकळत पुढे सरकला. आयुष्यभर त्याने हे स्नायू बोटांनी ओळखले होते, पण आतून ते असे दिसतात हे त्याला ठाऊक नव्हतं. आपण सांगितलं तेच निघालं म्हणून त्याची छाती थोडी फुगलीसुद्धा.

बाईंनी दांडा वर, गुडघ्यामागे नेला आणि त्या बोलायच्या थांबल्या. हलकेच दाबून पाहिलं. दुसऱ्या पायावर तसंच करून पाहिलं. मग त्यांनी मामाला जवळ बोलावलं.

"हे दोन गोल दिसतात? हा उडतोय तो धमनीचा. शेजारचा शिरेचा. चांगल्या पायात मी दाबलं की शीर चपटी होते. आता या पायात बघा."

मामाने पाहिलं. गोल तसाच राहिला.

"दबत नाहीये," तो म्हणाला.

"आत रक्ताची गुठळी असणार. आता या पायाला कुणी चोळायचं नाही. गुठळी सुटली तर फुप्फुसात जाऊन बसेल."

मामाने आपले हात मागे घेतले. ते पायाच्या जवळपासही नव्हते, तरी घेतले.

बाईंनी आडपडदा ठेवला नाही. स्नायूंचं मला बऱ्यापैकी कळतं, शिरांवर हात अजून तेवढा बसलेला नाही, तेव्हा मोठ्या यंत्रावर खात्री करून घ्या, पण आत्ता, इथूनच. कपडे आणायला घरी जायचं नाही. त्यांनीच हॉस्पिटलात फोन लावला.

बाईंचा अंदाज खरा निघाला. भाऊजींना ठेवून घेतलं, रक्त पातळ करायचं औषध सुरू झालं. बाहेरच्या बाकावर मामा बहिणीशेजारी बसला. बऱ्याच वेळाने ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "तू घरी जा, दादा."

तो घरी गेला. खोलीला कुलूप लावलं. गिऱ्हाइकं फोन करत, तो अंग बरं नाही म्हणून सांगे. भाऊजी सुखरूप घरी आल्याचं त्याला शेजाऱ्याकडून कळलं, आणि तेच त्याला जास्त बोचलं.

शेवटी एके दिवशी तो दवाखान्यात जाऊन बसला, सगळे पेशंट संपू दिले आणि आत गेल्या गेल्या विचारलं, "बाई, हे माझ्या हातानं झालं का?"

नाही हो, असं त्या चटकन म्हणतील अशी त्याला आशा होती.

"ते मला सांगता येणार नाही. स्नायू फाटला, माणूस पडून राहिला, एवढ्यानेही गुठळी होते. पण पाय सुजल्यावर तुम्ही चोळत राहिलात, ते चुकलंच. माणूस वाचला हे आपलं नशीब."

मामाने मान डोलावली. कुणीतरी सरळ बोललं याचंच त्याला बरं वाटलं. मग त्याने विचारलं, की पुढे असा पाय आला तर बोटांना कसा कळावा. एकच पाय सुजलेला, गरम, ताणलेला असेल तर तेल उघडायचंच नाही, माझ्याकडे पाठवायचं, बाई म्हणाल्या.

त्याने खोली उघडली. लवकरच एक ट्रकचालक तसाच पाय घेऊन आला. मामाने हात लावला नाही, सरळ दवाखान्याचा रस्ता दाखवला. बाईंच्या पडद्यावर गुडघ्यामागे पाण्याची पिशवी दिसली, जुन्या सांधेदुखीची, गुठळीबिठळी काही नाही. फुकट हेलपाटा घालायला लावलात म्हणून ट्रकचालकाने परत येऊन मामाला चार शब्द सुनावले. मामाने ते मुकाट ऐकून घेतले.

त्याच आठवड्यात बहीण आली. हातात पायमोज्यांचं खोकं होतं, रबरासारखे घट्ट मोजे. पायाला पुन्हा सूज येऊ नये म्हणून भाऊजींनी ते घालायचे होते आणि तिच्याने चढत नव्हते. रोज सकाळी नवरा-बायकोची झटापट व्हायची.

"येतोस का?" तिने विचारलं.

"बाईंना विचारलंस?"

"विचारलं. मोजा चढवू दे, म्हणाल्या. चोळू देऊ नका."

भाऊजी खुर्चीत बसले होते. पाय पुष्कळ उतरला होता. मामा समोर जमिनीवर बसला, मोजा उलटा करून टाचेपर्यंत गोळा केला आणि इतका हळू वर सरकवू लागला की भाऊजी म्हणाले, "अहो मामा, असं करत बसलात तर शाळा सुटेल. ओढा जरा."

मामाने बहिणीकडे पाहिलं. तिने मान हलवली, तेव्हा त्याने ओढला.