जपून ठेवलेले पाय

आमच्या वृद्धाश्रमात मरणाला कुणी फारसं भीत नाही, भितात ते वरच्या मजल्याला. वर गेलेलं माणूस पुन्हा खाली दिसत नाही. दर तीन महिन्यांनी परीक्षा असते: हात न टेकता खुर्चीतून उठायचं, दारापर्यंत जायचं आणि परत यायचं. जमलं तर खाली राहायचं, नाही जमलं तर बिछाना वर.

माझ्या खोलीतली जोडीदारीण जन्मभर शाळेत शिकवायची, म्हणून सगळे तिला मास्तरीणबाई म्हणत. परीक्षेबाबत तिचं म्हणणं ठाम होतं. उरलीसुरली ताकद रोज उधळायची कशाला, ती परीक्षेसाठी जपून ठेवायची. मला ते पटलं. माझी अक्कल तेव्हा कुठे चरायला गेली होती, देव जाणे. सूनही फोनवर हेच सांगायची, आई, बसून राहा, पडलात तर नसती आफत. मग आम्ही नाश्तासुद्धा खोलीतच मागवू लागलो. व्यायाम घेणारी बाई दारात आली की मास्तरीणबाईला चक्कर यायची आणि मला खोकला. तिचं नाव आम्ही उठाबशा ठेवलं होतं. चार पावलं तरी चाला, असं ती रोज सांगायची, आणि तिला पिटाळून लावल्याच्या आनंदात आम्ही पुन्हा बसायचो.

परीक्षेच्या दिवशी मी दुसऱ्या खेपेला कशीबशी उठले. मास्तरीणबाई तीनदा उठायला गेली आणि तीनदा खाली बसली. तिचा चेहरा मला बघवेना. दुपारी दोन माणसं तिला न्यायला आली. जाताना तिने माझा हात घट्ट धरला.

"तू अजून जास्त बस गं," ती म्हणाली. "मी मधे मधे व्हरांड्यात जायचे, तिथेच घात झाला."

रिकामी खोली खायला उठली. अंगातला पायजमा मला फारच ढगळ वाटत होता, आणि तो तर मीच तीन महिन्यांपूर्वी शिवला होता. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेली बाई मी, माप चुकणं शक्यच नाही. वहीत पाहिलं, मांडी सतरा इंच. उशाखालची टेप काढून मोजलं, पंधरा. पुन्हा मोजलं, तरी पंधराच. बसल्या बसल्या माझा दोन इंच पाय गेला होता.

दुसऱ्या दिवशी मीच उठाबशाला बोलावणं धाडलं. तिने माझ्या कमरेला पट्टा बांधून मागून धरला. खाटेपासून खिडकीपर्यंत जाताना मला दरदरून घाम फुटला. आता पडणार, हाड मोडणार, वर जाणार, एवढंच डोक्यात. भीतीपोटी मी तिला नाही नाही ते बोलले, तिने निमूट ऐकून घेतलं. रोज बोलले आणि रोज चालले. दोन महिन्यांनी ती म्हणाली, आता जिना. कठडा धरून मी सोळा पायऱ्या चढले. पाय दुखत होते, पण भीती वाटत होती ती त्या मजल्याची.

मास्तरीणबाई पलंगाच्या कडेला बसली होती. निम्मी झाली होती बिचारी.

"पाय जपतेस ना?" तिने विचारलं.

मी गळ्यात अडकवून आणलेली टेप काढली आणि तिच्या मांडीभोवती फिरवली. साडेबारा. चाळीस वर्षांत कुठल्याही गिऱ्हाइकाला मी खोटं माप सांगितलेलं नाही.

"पंधरा," मी म्हटलं. "माझीही एवढीच झाली होती. धर हात आणि ऊठ."

"पडले तर?"

"तर मीही पडेन. ऊठ."

उठाबशा आमच्या मागे येऊन उभी राहिली. मास्तरीणबाईने पाय जमिनीला लावले आणि माझा हात धरला.