चंद्रावर अडकलेली म्हातारी

मित्रांनो, मी सिनेमाची एक जुनी पट्टी आहे आणि स्वस्थ बसणं मला ठाऊकच नाही. सारखं वाटतं, कोणीतरी दांडा फिरवावा आणि मी दिव्यापुढून सरसर धावत सुटावं.

आधी मी तंबूतल्या टॉकीजमध्ये मारामाऱ्या दाखवायची. अंगावर ओरखडे पडले तशी मालकाने मला भंगारात काढलं. अकोल्याच्या एका शाळेतल्या देवमन गुरुजींनी मला तिथून उचललं आणि धुण्याच्या सोड्यात बुडवून सगळे नायक-खलनायक पुसून टाकले. मी कोरी झाले. फार लाज वाटली.

ते साल एकसष्ट. माणूस आकाशात फिरून आला, ही बातमी ताजी होती. गुरुजी मुलांना म्हणाले, आपली भोपळ्यातली म्हातारी चंद्रावर पाठवू. लेकीचं घर चंद्रावर, वाघाच्या जागी शेपटीवाला तारा आणि परतीला उडता भोपळा. एका सेकंदाला सोळा चित्रं लागत. वर्षभर पोरं भिंगाखाली जलरंगाने ती काढत होती. सगळे भोपळे वनरक्षकाच्या मुलीने, मैनाने रंगवले. तिच्या वडिलांची धारणीला बदली झाली होती. तंबूवाला मला पडद्यावर दाखवायला यंत्र घेऊन येणार त्याच्या दुसऱ्याच दिवशी ती निघणार होती. तिला आपला भोपळा उडताना पाहायचा होता. मीही डब्यात तळमळत होते.

खेळाच्या आदल्या दिवशी गुरुजींनी मला घरी नेलं. "उनानं खराब होईन, जपून ठेवजो," असं बायकोला, दुर्गाबाईंना, बजावून ते बाहेर गेले. आमच्याकडे उन्हाळ्यात भाजी जपायची, विड्याची पानं जपायची, ती माठाखालच्या ओल्या वाळूत. त्यांनी माझा डबाही तिथेच पुरला. डब्यात माझी दोन भेंडोळी होती. खालचं, परतीच्या प्रवासाचं, पार भिजलं. सकाळी त्यावर नुसता रंगाचा चिखल होता. पुसल्यावर तोही गेला.

"तुले कोनं सांगतलं होतं वाळूत ठेवाले?"

"तुमीच म्हनलं जप. म्या जपलं."

"आता शाळेत येऊ नोको तू."

तरी त्या आल्या आणि वर्गाच्या दाराबाहेर उभ्या राहिल्या. खिडक्यांवर घोंगड्या टाकल्या, दांडा फिरला, मी धावले. म्हातारी चंद्रावर पोचली, तूप-रोटी खाऊन जाडजूड झाली. मग पडदा पांढराफटक.

"गुरुजी, बुढी घरी नाही येत काय?" मैनाने विचारलं. तिचा आवाज रडवेला झाला होता. मी कोरीच धावत होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

तेवढ्यात दुर्गाबाई आत आल्या. "ये वं पोरी, गुडघे पोटाशी घे," म्हणत त्यांनी मैनाला उचललं आणि पडद्यापुढून वाकत चालू लागल्या. पडद्यावर एक म्हातारी आणि एक गोल भोपळा पृथ्वीकडे निघाला. मैना मान वळवून आपली सावली पाहत होती आणि हसत होती. गुरुजी तंबूवाल्याला म्हणाले, "थांबू नोका, फिरवा."

मित्रांनो, वस्तू जरूर जपा. पण जपता जपता ती कोणाच्या हातून बिघडली, तर त्या माणसाला दाराबाहेर ठेवू नका. दुर्गाबाई बाहेरच राहिल्या असत्या, तर आमची म्हातारी अजून चंद्रावरच असती.